मंगळावरचा अव्वल कारकून

—नाही नाही, तो मस खरा आहे, त्याला पुसू नको. भिकन असता तर त्यानं हात लावला नसता, दोन वर्षं तोच माझं तोंड रंगवतोय, पण त्याच्या साल्याची हळद निघाली आणि आज तू आलीस. मयुरी ना? जळगावची. बरं. मान अशी धरू? अशी. आणि मी बोललो तर तुझ्या कामात अडथळा नाही ना येत? कारण मला गप्प बसता येत नाही, बेटा — पस्तीस वर्षं टेबलामागं काढली, समोर कुणी उभं राहिलं की मी आपोआप बोलायला लागतो. लोकांचं काम व्हायचं नाही, पण बोलणं भरपूर व्हायचं. खोली बघ कशी मिळालीय आपल्याला, मंगल कार्यालयातली वधूपक्षाची. आरशाच्या कडेला कुठल्या कुठल्या नवऱ्या मुलींच्या टिकल्या अजून तशाच चिकटलेल्या, आणि मधोमध माझं हे थोबाड.

तू मालिका बघितली नाहीस? खरं सांग, मला राग येत नाही. नाही बघितलीस — बरं झालं, नाहीतर आत येताना तूही ‘श्रीखंडे साहेब’ म्हणाली असतीस. माझं नाव रुपचंद झुलाल देवरे, सेवानिवृत्त अव्वल कारकून, राहणार देवपूर, धुळे, पण ते आता फक्त पेन्शनच्या पासबुकात उरलंय. ‘वस्ती क्रमांक सात’ म्हणून आहे ही. मंगळावर माणसांची वस्ती, दोनशे डोकी, सगळी मराठी बोलणारी — का, ते विचारायचं नाही असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. तर हवा तयार करणारं यंत्र बिघडतं. पृथ्वीवरून एक यान येणार, त्यात जागा चाळीस. मग चाळीसजण कोण, ती यादी करायची कुणी? उपप्रशासक श्रीखंडेनं. म्हणजे मी. हिरोकडं किरणांची बंदूक आहे, माझ्याकडं रबरी शिक्का आहे, आणि खरं सांगतो, पहिल्या भागापासून आजपर्यंत बंदुकीपेक्षा शिक्क्यानं जास्त माणसं गेलीत. यादीत एक नंबरला मी स्वतः — अत्यावश्यक कर्मचारी म्हणून. दोन नंबरला माझी खुर्ची. हसू नको, ब्रश हलतो. खुर्चीला वेगळी जागा, पट्ट्यानं बांधलेली. आणि लोक जे काही मागायला येतात, त्यांना मी एकच उत्तर देतो — ‘पुढच्या उड्डाणाला या.’ पुढचं उड्डाण नाहीये, हे वस्तीतल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तरी लोक येतात, आणि मी सांगतो.

ते कोपऱ्यातलं शिरस्त्राण दिसतंय का? तांब्याचं आहे, इथल्याच तांबटानं ठोकलंय. ह्या सोनगीरची भांडी आमच्या लग्नात यायची, आता मंगळावर चाललीत. आत बोललं की हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं.

मी नट कसा झालो ते विचार ना. विचारलं नाहीस तरी सांगतो. ह्या आपल्या स्नेहल मॅडम — आज त्या डायरेक्टर आहेत, पण तेव्हा चोवीस-पंचवीसची मुलगी, पुण्याहून शिकून आलेली, आमच्या ऑफिसात आली. सरकारी पडीक जमिनीवर दोन दिवस छोटी फिल्म करायची होती, त्याची परवानगी. फाईल माझ्याकडं. पहिल्या खेपेला मी म्हणालो, अर्ज दोन प्रतींत हवा. दुसऱ्या खेपेला म्हणालो, नकाशा जोडा. तिसऱ्या खेपेला नकाशा होता, पण त्यावर उत्तर दिशा दाखवली नव्हती. मग साहेब दौऱ्यावर. मग साहेब आले, पण मी लग्नाला. असे अकरा हेलपाटे, बेटा. तिला फुटलेली कपाशी हवी होती मागं दिसायला, पांढरीशुभ्र. मी परवानगी दिली तेव्हा कापूस वेचून झालेला, वावरात नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. तिनं कागद घेतला, माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि गेली. मला वाटलं, तक्रार करणार. मी लगेच सगळ्या तारखा नीट लावून फाईल मजबूत करून ठेवली. त्या कामात मात्र आम्ही कधी उशीर केला नाही.

रिटायर झालो आणि वर्षभरात ती घरी. दारात उभी. म्हणाली, ‘आबा, ओळखलं का?’ मी कुठला ओळखतोय. तिनं फाईल नंबर सांगितला — पाठ होता तिला — आणि मी खुर्चीतून उठलो. फाईल नंबरनं ओळखलं मी तिला, चेहऱ्यानं नाही. म्हणाली, ‘मालिका करतेय, एका अधिकाऱ्याचं काम आहे, तुम्ही करायचं.’ मी म्हणालो, ‘अगं मी शाळेच्या गॅदरिंगलाही कधी उभा राहिलो नाही. ते ऑडिशन वगैरे असतं ना काहीतरी?’ तर ती काय म्हणाली असेल? ‘ती तुम्ही अकरा वेळा दिली आहे, आबा.’ सविता आतून चहा घेऊन आली — सविता म्हणजे आमच्या घरच्या — तिनं ऐकलं, ट्रे टेकवला आणि म्हणाली, ‘करा, निदान घराबाहेर तर पडाल.’ झाली निवड.

पहिल्या दिवशी मला जे लिहून दिलेलं होतं त्यात श्रीखंडे मोठ्यानं हसायचा आणि म्हणायचा, तुम्ही सगळे मरा. मी म्हणालो, ‘मॅडम, असं नसतं. असा माणूस नोकरीत दोन महिने टिकणार नाही. नाही म्हणायचंच नसतं. नाही म्हटलं की तक्रार वर जाते. आपण म्हणायचं — प्रकरण विचाराधीन आहे. आणि हसायचं तर अजिबात नाही, उलट त्याला बसायला सांगायचं, पाणी द्यायचं. पाणी प्यायलेला माणूस भांडत नाही.’ मग मॅडमनी ते कागदच फाडले. म्हणाल्या, आबा, तुमच्या मनानं बोला. तेव्हापासून मी माझ्या मनानं बोलतोय. ‘पुढच्या उड्डाणाला या’ हेही कुणी लिहिलेलं नाही, ते माझ्या तोंडातून आपसूक आलं. आणि तेच गाजलं. भाजीबाजारात मेथी घेताना बाई म्हणते, सुटे पैसे पुढच्या उड्डाणाला. ज्या ऑफिसातून रिटायर झालो तिथं शाल-नारळ देऊन सत्कार केला माझा; साहेब भाषणात म्हणाले, देवरे आबांनी आपल्या कार्यालयाची कार्यपद्धती मंगळापर्यंत नेली. टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या, सवय असते. फक्त सविता टीव्हीसमोर बसून दोन भाग बघते आणि म्हणते, ‘यात अभिनय कुठंय?’

डोळे मिटू? मिटतो. हे बरं आहे, मिटलेल्या डोळ्यांनी बोलायला जास्त सोपं जातं.

आज जो सीन आहे ना, तो शेवटचा आहे माझा. शेवटची यादी. यान उभं आहे, मी शिडीवर, आणि खालून वस्तीतली एक बाई येते. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. ती विचारते, ‘माझं नाव यादीत का नाही?’ मी माझं वाक्य म्हणतो, वर चढतो, दार बंद. एवढंच. मॅडमना त्या बाईसाठी नटी नको होती, साधा चेहरा हवा होता. आधीचं वस्तीचं शूटिंग धरणगावच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये झालेलं, तिथल्याच वीसेक बायका तेव्हा घेतल्या होत्या गर्दीत. मी नव्हतो त्यात — मी अधिकारी, मी काचेच्या घुमटात, माझं सगळं वेगळं. तर परवा त्या बायका गाडी करून इथं आणल्या आणि त्यातली एक मॅडमनी निवडली. काल दुपारी तालीम होती. मी शिडीवर, ही खाली, अंगात तो चंदेरी सूट, डोक्यावर पदर नाही, केस मागं बांधलेले. मी ओळखलं नाही. सांगितलं ना तुला, मी चेहरे ओळखत नाही. मॅडम म्हणाल्या, ‘मावशी, विचारा त्यांना.’ आणि तिनं लिहिलेलं वाक्य सोडलं. माझ्याकडं बघून अगदी सावकाश म्हणाली, ‘आबा, मी शे का नही शे, इतलंच सांगा.’

मी आहे का नाही, एवढंच सांगा. मॅडम तर खूश झाल्या, म्हणाल्या हेच ठेवायचं, अहिराणीतच ठेवायचं, मंगळावर अहिराणी का नको? आणि मला माझं वाक्य आठवेना. दोन वर्षांत लहान लहान पोरांना पाठ झालेलं वाक्य — मला आठवेना. मी म्हणालो, ऊन लागलं, आणि खाली उतरलो.

कोण ती, मी ओळखतो का? ओळखतो ना. तिला तर ओळखतोच. दिपमाला. धनसिंगची बायको. धनसिंग गिरासे आमच्या ऑफिसात शिपाई होता, चौदा वर्षं माझ्या टेबलाशी. माझा चष्मा कुठं ठेवलाय ते मला ठाऊक नसायचं, त्याला असायचं. आखाजीच्या सणाला आम्ही चार-पाचजण त्याच्या घरी जेवायला जायचो. ही खापरावर मांडे टाकायची, हातावर फिरवून फिरवून एवढाले मोठे, आणि पहिला मांडा माझ्या ताटात, कारण मी सगळ्यांत मोठा. बारा साली धनसिंग कामावरच गेला. छातीत कळ आली, आवक-जावकच्या टेबलाशी बसला, तो उठलाच नाही. मुलगी लहान होती. आता सरकारी नोकरीत माणूस असा गेला की घरातल्या एकाला अनुकंपा म्हणून नोकरी मिळते, तुला माहीत असेल. विधवेला मिळते, पण वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत. ती तेव्हा बेचाळीसची. अर्ज केला. फाईल कुणाकडं असणार?

त्रुटी निघाली. शाळेच्या दाखल्यावर दिपमाला — पहिली वेलांटी. रेशनकार्डावर दीपमाला — दुसरी वेलांटी. एवढंच. मी टिपणी लिहिली : नावात तफावत, ओळख पटत नाही. ओळख पटत नाही, बेटा. जिच्या हातचा पहिला मांडा मी खाल्ला तिच्याबद्दल मी लिहिलं, ओळख पटत नाही. ती धरणगावला माहेरी गेली, शाळेतून दुसरा दाखला आणला. मी म्हणालो, याला मुख्याध्यापकांचा शिक्का आहे, पण तारीख अस्पष्ट आहे. प्रतिज्ञापत्र आणलं, म्हणालो, हे वरिष्ठांच्या मार्गदर्शनासाठी पाठवतो. पाठवलं. मार्गदर्शन आलं नाही. मार्गदर्शन कधी येत नसतं, म्हणूनच मागवायचं असतं.

—का? कारण असं काही... नियम म्हणजे नियम, उद्या ऑडिट... नाही. तू ब्रश फिरव, मी सांगतो. त्या वर्षी जागा एकच होती. यादीत पहिली दिपमाला, दुसरा जीवन. जीवन म्हणजे माझ्या बायकोच्या चुलतभावाचा मुलगा; तो चुलतभाऊही नोकरीतच वारलेला. जीवनचे कागद स्वच्छ होते. पहिल्या नावाला त्रुटी असेल तर दुसरं नाव पुढं जातं — हे मी केलं नाही, हा नियमच आहे. मी फक्त वेलांटीकडं बोट दाखवलं. कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही, सांगतो तुला, हे मी सगळ्यांना अभिमानानं सांगायचो — देवरेनं कधी कुणाचा चहा घेतला नाही. जीवन आता तिथं क्लार्क आहे. चांगला मुलगा आहे. दिवाळीला फराळ आणून देतो. मी खातो. सविताला हे ठाऊक नाही, आणि तू जळगावची आहेस म्हणून बोलतोय, धुळ्याची असतीस तर बोललो नसतो.

शेवटची ती आली पंधरा साली, मार्चमध्ये. टेबलासमोर उभी राहिली. मी बस म्हणालो, बसली नाही. पाणी दिलं, प्यायली नाही. तेव्हा विचारलं तिनं, हेच — ‘आबा, मी शे का नही शे, इतलंच सांगा.’ आणि मी काय म्हणालो? ‘पुढच्या तारखेला या.’ आठ दिवसांनी तिला पंचेचाळीस पूर्ण होत होती. जन्मतारीख माझ्यासमोरच्या फाईलवर होती. पुढची तारीख नव्हतीच, बेटा. मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं, आणि तरी मी म्हणालो. ते वाक्य जे गाजलं ना, ते तिथलं आहे.

ब्रश का ठेवलास? मूळ रंग बसला का? नाही, एक गाल राहिलाय. बरं, हात दुखत असेल.

आज तो सीन दुसऱ्या बाईबरोबर आहे. भागाबाई म्हणून इथल्याच आहेत, सकाळीच ठरलं. दिपमालाचं काहीतरी... कागदाचं निघालं. समाधान बघतो ना प्रॉडक्शनचं सगळं, मुक्ताईनगरचा, फार काटेकोर माणूस. सगळ्यांकडून संमतीपत्रावर सही घ्यावी लागते, सोबत आधारकार्ड. तर सहीत आणि आधारमध्ये — तेच. तीच वेलांटी. त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तिला थांबवलं. म्हणाला, चॅनेलवाले कागदाला फार जपतात, उद्या भानगड नको.

त्याच्या लक्षात कसं आलं म्हणजे? त्याचं कामच आहे ते. एवढ्या वीस बायकांच्या... हो, एवढ्या वीस बायकांत त्याला बरोबर एकच सापडली. तू हुशार आहेस.

मी सांगितलं. सकाळी साडेसातला, पोहे खाताना. म्हणालो, ‘समाधान, सहज सांगतो, त्या बाईचे कागद एकदा बघून घे, नावात फरक वाटतोय मला.’ सहज. आवाजही चढवला नाही. तो बघून आला आणि म्हणाला, ‘आबा, तुमची नजर काय आहे हो.’ मी पोहे संपवले. वरून लिंबू मागून घेतलं. दुसरं काय करणार होतो मी? कॅमेऱ्यासमोर ती मला पुन्हा तेच विचारणार, आणि मी पुन्हा तेच म्हणणार, आणि ह्या वेळी सगळा महाराष्ट्र टाळ्या वाजवणार — मला ते झेपेना. दुसरंही सांगतो, आता लपवून काय करू : ती बोलली असती. कुणी विचारलं असतं, मावशी, एवढं खरं कसं केलंत, तर ती बोलली असती. माझी ही म्हातारपणीची हौस, शाल, नारळ, सगळं गेलं असतं. मला वाटायचं, रिटायर झाल्यावर माणसाची खुर्ची जाते. नाही जात. पट्ट्यानं बांधलेली असते.

काय म्हणालीस? तूच केलास सकाळी तिचा मेकअप. मग? — तिनं नळावर जाऊन स्वतःच तोंड धुतलं. तुला म्हणाली का काही? नाही. सूटची घडी घालून दिली. घडी घालून. तिची सवयच आहे ती, धनसिंगचा गणवेशसुद्धा घडी घातलेला असायचा. आणि आता? अजून आहे? कुठं? —समोर थांब्यावर. बायकांची गाडी संध्याकाळीच निघणार, म्हणून ती एस.टी.नं जाणार. धुळ्याला उतरून गाडी बदलावी लागेल तिला. किती वेळ बसलीय? नऊपासून.

तो पडदा जरा बाजूला कर. नको, राहू दे. मला दिसतं इथून. हो, तीच. पिशवी मांडीवर घेऊन बसलीय.

मयुरी, तुझ्याकडं कागद आहे का? कसलाही. ही आजची वेळापत्रकाची शीट चालेल, मागची बाजू कोरी आहे. पेन दे. ते भुवईचं नव्हे, लिहायचं. थांब आता, मध्ये बोलू नको — ‘प्रमाणित करण्यात येते की, श्रीमती दिपमाला धनसिंग गिरासे व श्रीमती दीपमाला धनसिंग गिरासे ही एकाच व्यक्तीची नावे असून, मी सदर व्यक्तीस सन १९९८ पासून व्यक्तिशः ओळखतो.’ खाली सही. रु. झु. देवरे. तारीख. झालं. किती वेळ लागला? दोन मिनिटं लागली असतील का? नाही, दोन नाही लागली. हे लिहायला मला तेव्हाही कुणाची परवानगी लागत नव्हती. आता माझ्या सहीला काडीची किंमत नाही, पण समाधानला एवढं पुरेल, तो माझं ऐकतो. पळत जा. म्हणावं, आबांनी दिलाय, हा समाधानला दाखवा आणि आत या, सीन तुमचाच आहे. माझं नाव सांग. नाही — नको सांगू, ती वाचेलच. जा, एस.टी. केव्हाही येईल, इथं थांबते न थांबते.

गेली. मी कुणाशी बोलतोय आता. चप्पल तरी घालायची होती मुलीनं. पोचली. हां, देतेय. दिपमालानं चष्मा काढला पिशवीतून. वाचतेय. बराच वेळ लागला. एवढं लांबलचक नाही लिहिलेलं मी. पुन्हा वाचतेय. आता मान वर करून इकडं खिडकीकडं — नाही, रस्त्याकडं बघतेय. घडी घातली. पिशवीत ठेवला. उठली. येतेय. उठली ती, रस्ता ओलांडेल आता. एस.टी. मध्ये आली, दिसेना काही. हल ना पुढं, बाबा. हल.

थांबा रिकामा आहे.

ये. दम लागला तुला. बस, खरंच बस त्या स्टुलावर, पाणी पी. मी दिलेलं नाही, तूच घे. काय म्हणाली ती? नीट सांग, जसंच्या तसं सांग. —‘बरं.’ बरं म्हणाली? एवढंच? आणि चढली. रागानं म्हणाली का? रागानं नाही. रडली? नाही. नुसतं बरं. बेटा, माझ्या टेबलासमोरून परत फिरताना प्रत्येक माणूस हेच म्हणायचा. शिव्या देणारे फार थोडे असतात, तुला सांगतो, हजारात एखादा. बाकी सगळे कागद पिशवीत घालतात, बरं म्हणतात आणि एस.टी. पकडतात. मला वाटायचं, पटलं त्यांना. पस्तीस वर्षं मला वाटत होतं, की लोकांना पटतं.

कागद घेऊन गेली मात्र. ठेवला तिनं. कशाला ठेवला असेल? आता काही उपयोग नाही त्याचा. मुलीला दाखवेल. दाखवू दे.

कोण? हो, आलो म्हणावं. भागाबाई तयार आहेत का? आहेत. चांगल्या आहेत त्या, पाठांतर पक्कं आहे, वेलांटीपण चुकायच्या नाहीत. त्या खालून विचारतील, माझं नाव यादीत का नाही, आणि मी शिडीवरून म्हणेन... मी म्हणेन...

आठवेल. तिथं उभं राहिलं की आठवतं. दार लावून घे, मयुरी. तो एक गाल राहिलाय तेवढा कर. मी आता बोलत नाही.